शंभराच्या अलीकडचं मुरबाड

मुरबाडला चाललेय असं सांगितल्यावर मिरजेतल्या आमच्या गल्लीत ज्यानं त्यानं एकच विचारलं, “माळशेजला का? पण जानेवारीत तिथं धबधबे कुठले?”

मी धबधबे बघायला निघालेच नव्हते. नवजात बाळांच्या वॉर्डात तीस वर्षं सिस्टर म्हणून काढून मी निवृत्त झाले, त्याला दीड वर्ष झालं होतं. ओळखीच्या एका संस्थेचा फोन आला. मुरबाडच्या एका लहान दवाखान्यात, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी श्वासाला आधार देणारं यंत्र आलंय, ऑक्सिजन मोजायचं यंत्रही आलंय. तिथल्या सिस्टरांना दहा-बारा दिवस शिकवायला जाल का? मी यजमानांकडं बघितलं. ते म्हणाले, “जा बाई. इथं बसून दिवसातून चारदा माझंच बीपी मोजतेस.”

म्हणून गेले.

सापगाव, रविवार

आसनगाव स्टेशनात उतरले तेव्हा समोर माहुलीचे सुळके उभे होते. आमच्याकडं डोंगर म्हणजे दंडोबासारखा, गुडघ्यावर हात ठेवून चढावा असा. हे सुळके चढायचे सोडाच, त्यांच्याकडं बघताना माझा पदर डोक्यावरून खाली आला.

रेखा सिस्टर स्कूटर घेऊन आल्या होत्या. वय पस्तिशीच्या आसपास, हसरा चेहरा, केसात अबोलीचा लहानसा गजरा. मुरबाडच्या त्याच दवाखान्यात त्या काम करतात, पण घर सापगावला, शहापूरच्या जवळ. रोज एसटीनं जाऊन-येऊन. दवाखान्यात राहायची सोय नव्हती म्हणून त्यांनीच मला घरी ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. माझी बॅग पुढं, मी मागं, आणि भडंगाची पिशवी दोघींच्या मध्ये, अशा आम्ही भातसा नदीचा पूल ओलांडून सापगावात आलो.

भात कापून झालं होतं. घराशेजारी पेंढ्याची उडवी रचलेली, आणि कापलेल्या खाचरात, मागं राहिलेल्या ओलीवर, वाल वर आले होते. आमच्याकडं ऊस काढला की लगेच नांगर. इथं जमीन जरा दम खाते आणि दम खाता खाता वाल पिकवते, हे मला फार आवडलं.

जेवायला वालाचं बिरडं, सुकट आणि तांदळाची भाकरी. भाकरी बघून मी म्हणाले, “मी करू का एक? ज्वारीच्या हजारो केल्यात.” रेखाताई बाजूला झाल्या. इथलं पीठ उकळत्या पाण्यात उकडून घेतात, हे मला माहीत होतं. पण हाताला ज्वारीची सवय. मी थापायला जोर लावला, तर भाकरी मधोमध फाटली. दुसरी तव्यावर टाकताना गेली. रेखाताईंचे यजमान वाशिंदच्या कारखान्यात आहेत, मितभाषी माणूस. ते ताटातल्या तुकड्यांकडं बघून म्हणाले, “ह्या मिरजेच्या हायेत का? बरं हाय, मोडायचा त्रास नाय.”

मुरबाड, सोमवार

सकाळच्या एसटीनं मुरबाडला. दवाखान्यातली बाळांची खोली म्हणजे चार पाळण्यांची, स्वच्छ, खिडकीला हिरवा पडदा. दोन बाळं नुसती काविळीच्या निळ्या दिव्याखाली होती. तिसरी मात्र खरी पाहुणी. सातव्या महिन्यात जन्मलेली मुलगी, सव्वा किलोची, आज अठरा दिवसांची. नाकात लहान नळ्या, नळ्यांची दुसरी बाजू पाण्याच्या बाटलीत, आणि बाटलीत सारखे बुडबुडे. त्या बुडबुड्यांच्या दाबानं तिची फुप्फुसं मिटत नाहीत. फार साधं यंत्र आहे, पण मला अजूनही त्याचं कौतुक वाटतं.

तिच्या पायाला चिकटपट्टीसारखा सेन्सर बांधला होता. त्यातून लाल उजेड चमकत होता आणि वरच्या पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा होता, नव्याण्णव.

“अठरा दिवस ताई, अठ्ठ्याण्णवच्या खाली येऊ दिला नाय,” रेखाताई म्हणाल्या आणि त्यांनी मला तक्ता दाखवला. निळ्या शाईत, सुबक अक्षरात, तासातासाला लिहिलेलं: नव्याण्णव, शंभर, नव्याण्णव, शंभर.

मी श्वासाच्या यंत्राच्या बटणाकडं बघितलं. बाळाला पन्नास टक्के ऑक्सिजन चालला होता. साध्या हवेत असतो एकवीस.

अशा बाळाला ऑक्सिजन कमी पडला तर जिवाला धोका, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त झाला तर काय, हे कमी लोकांना माहीत असतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यातल्या बारीक नसा अजून वाढत असतात. ऑक्सिजन जास्त झाला, की त्या वाढायच्या थांबतात आणि मग वेड्यावाकड्या फुटतात. वेळेत लक्षात आलं नाही तर नजर जाते. म्हणून बाहेरून ऑक्सिजन देताना अशा बाळाचा आकडा नव्वद ते पंच्याण्णवच्या मध्ये ठेवायचा. शंभर नको. शंभर दिसले, तर बाळाला त्याच्या गरजेपेक्षा किती जास्त जातंय हे यंत्र सांगूच शकत नाही.

हे मी जितक्या हळू आवाजात सांगता येईल तितकं सांगितलं. रेखाताईंचा चेहरा बघता बघता उतरला. “आमाला कोणी सांगितलाच नाय,” एवढंच त्या म्हणाल्या. खरं होतं. यंत्र आलं, पण त्याच्याबरोबर शिकवणारं माणूस यायला उशीर झाला होता.

बालरोगतज्ज्ञ दुपारी येतात. आम्ही तिघांनी बसून ठरवलं, ऑक्सिजन थोडा थोडा खाली आणायचा. मी यंत्राचा गजर लावला: एकोणनव्वदच्या खाली वाजेल आणि पंच्याण्णवच्या वर गेला तरी वाजेल. डोळ्यांच्या डॉक्टर दर गुरुवारी शहापूरला येतात, असं कळलं. ह्या गुरुवारची त्यांची यादी भरलेली होती. पुढच्या गुरुवारचं नाव लावून ठेवलं. तोपर्यंत बाळ अठ्ठावीस दिवसांचं होणार होतं, म्हणजे वेळेतच.

परतीच्या एसटीत, सरळगाव मागं पडलं तेव्हा मी माझी गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमच्याकडं मोजायचं यंत्रच नव्हतं. ओठ गुलाबी दिसले की बरं, निळे दिसले की ऑक्सिजन सोडायचा, आणि भीती वाटली की जास्तच सोडायचा. तसं एक बाळ आम्ही वाचवलं, पेढे खाल्ले. काही वर्षांनी त्याची आई बाजारात भेटली. मुलाचा हात धरून चालली होती. मुलगा मोठा गोड होता आणि त्याला काहीही दिसत नव्हतं.

“म्हणून मी फिरते,” मी म्हणाले. “तुम्हाला बोलायला नाही आले.”

रेखाताई म्हणाल्या, “उद्या मला ते बटण शिकवा. सगला शिकवा.”

मुरबाड, मंगळवार ते शनिवार

बाळाची आई कमल, वीस-बावीस वर्षांची, डोंगराखालच्या ठाकरवाडीची. बोलते कमी. दर दोन तासांनी वाटीत दूध काढून आणते आणि बाळाला छातीशी धरून बसते. बोलायचं काम तिची सासू करते. सासूचं नाव बारकी. नावाप्रमाणे अंगानं बारीक, पण आवाज वाडीपासून बाजारापर्यंत पोचेल असा. बारकीआजींना अक्षरओळख नाही, आकडे मात्र येतात. बाजारात करवंदं आणि मोहाची फुलं विकून शिकलेले आकडे. अठरा दिवस त्या दारातल्या काचेतून तो पडदा वाचत होत्या.

मंगळवारी दुपारी आकडा त्र्याण्णववर आला आणि आजी दार ढकलून आत.

“पोरीचा कमी झाला. काल पोरी शंभरात होती. ही मोठी शिष्टर आली न् पोरी खाली आली.”

मी त्यांना बाहेर बाकावर घेऊन बसले. डोळ्यातल्या नसा, ऑक्सिजन, पडद्यावरचा आकडा, सगळं सांगितलं. आजी ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, “तिला डोल्यानं दिसल का नाय, ते सांग.”

तीस वर्षांत ह्या प्रश्नाला गोड उत्तर द्यायचा मोह मला पुष्कळदा झालाय. मी म्हणाले, “मला माहीत नाही आजी. पुढच्या गुरुवारी डॉक्टर बघून सांगतील.”

आजी उठल्या. “मंग आमी पोरीला घरी नेतो,” म्हणाल्या. “तुमालाच ठावं नाय तर हितं कशाला?”

कमल आतून आली. बाळ छातीशी, नळ्या सांभाळत रेखाताई तिच्या मागं. कमल पहिल्यांदाच माझ्यासमोर बोलली, “आत्या, घरी नेली तर हिचा श्वास कोन बघल?” आणि परत आत जाऊन बसली. दहा मिनिटं आजी बाकावर एकट्या होत्या. मी चहा आणला. चहा पिता पिता त्या म्हणाल्या, “भाताच्या राबात रोप कवला असतो. त्याला पानी लय झाला तरी कुजतो. तसाच ना?”

“तसंच,” मी म्हणाले. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा ते चांगलं होतं.

त्या दिवसापासून आजी आमच्या बाजूला आल्या, आणि मग फार आल्या. आकडा शहाण्णववर गेला की गजर वाजायच्या आधी बाहेरून आवाज यायचा, “शिष्टर, लय झाला गो.”

पायाचाही एक तिढा होता. बाळाच्या डाव्या पायाला दृष्ट लागू नये म्हणून आजींनी काळा दोरा बांधला होता. सेन्सर एकाच जागी राहिला तर कोवळी कातडी लाल होते, म्हणून दर तीन-चार तासांनी पाय बदलावा लागतो. दोऱ्यावर सेन्सर नीट बसेना. एका सिस्टरनं दोरा कापायला कात्री घेतली, तेव्हा आजींनी तिच्याकडं असं बघितलं की कात्री परत ट्रेमध्ये गेली. रेखाताईंनी तोड काढली. सेन्सर उजवीकडं असेल तेव्हा दोरा डावीकडं, आणि सेन्सर डावीकडं आला की दोरा उजवीकडं. तक्त्यात त्यांनी नवा रकाना आखला आणि दोरा बदलायचं काम आजींना दिलं. आजींनी एकदाही वेळ चुकवली नाही.

मी त्यांना भडंग दिलं. आजींनी मूठभर तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं आणि म्हणाल्या, “चांगला हाय. पन ह्याच्यात सुकट टाकला असता तर.” घरी आल्यावर मी करून बघितलं. आजींचं बरोबर आहे.

शनिवारपर्यंत बटण पन्नासावरून अठ्ठावीसवर आलं. संध्याकाळी सापगावला रेखाताईंच्या ओसरीवर बसून आम्ही भिजवलेले वाल सोलले. माझी नखं दुखायला लागली, त्यांची बोटं मशीनसारखी चालत होती. मध्येच त्या थांबल्या. “ताई, त्या अठरा दिवसांनी काय झाला असेल तर?”

“तर उपचार आहेत, आणि आपण वेळेत दाखवतोय.”

“पन झाला असेल तर ते माझ्या हातून.”

आम्ही सोलत राहिलो. टोपली रिकामी होईपर्यंत कुणी उठलं नाही.

मुरबाड ते शहापूर, गुरुवार

पुढच्या मंगळवारी बुडबुड्यांचं यंत्र सुटलं. आता नाकाशी नुसती बारीक नळी आणि ऑक्सिजनची अगदी हलकी धार. गुरुवारी सकाळी रुग्णवाहिकेत आम्ही पाच जणी: कमल, तिच्या छातीशी कपड्यात गुंडाळलेली मुलगी, बारकीआजी, रेखाताई आणि मी. लहान सिलिंडर आणि हातात मावेल असं मोजायचं यंत्र. रेखाताईंना मी आधीच सांगितलं, “आज मी प्रवासी. तुम्हीच बघायचं.”

म्हसाची जत्रा नुकतीच झाली होती. जत्रेतून घेतलेले बैल घेऊन माणसं आपापल्या गावाला परतत होती. नवी घोंगडी खांद्यावर, बैलांच्या शिंगांना गोंडे. मला गाडी थांबवून बघत बसावंसं वाटत होतं. गाडी थांबलीच, पण बैलांमुळं. समोर रस्ताभर बैल.

तेवढ्यात यंत्र वाजलं. ब्याऐंशी.

रेखाताईंचा हात सिलिंडरच्या चावीकडं गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी यंत्रावरचा नाडीचा आकडा बघितला: चौऱ्याहत्तर. मग स्टेथोस्कोप बाळाच्या छातीवर ठेवून घड्याळाकडं बघत मोजायला लागल्या. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज.

“ठोके दीडशेच्या आसपास हायेत,” त्या म्हणाल्या. “यंत्र चौऱ्याहत्तर दाखवतंय. म्हंजी यंत्रालाच नीट दिसत नाय.” धक्क्यानं सेन्सर सरकला होता. त्यांनी तो परत बांधला. आकडा आला, त्र्याण्णव. नाडी, एकशे एक्कावन्न.

मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. फार अवघड गेलं मला ते.

ड्रायव्हरनं खाली उतरून बैलवाल्यांना सांगितलं, आत लहान बाळ आहे. एका म्हाताऱ्या माणसानं आपली जोडी कडेच्या खाचरात उतरवली, बाकीच्यांना ओरडून कडेला घेतलं. गाडी पुढं जाताना त्यानं काचेतून आत डोकावून विचारलं, “पोरगा का पोरगी?”

“पोरी,” बारकीआजी म्हणाल्या.

“लक्ष्मी हाय. जाऊ द्या हिला पुढं.”

सापगावच्या थोडं अलीकडं परत गजर. पंच्याऐंशी. रेखाताईंनी पुन्हा मोजलं. ह्या वेळी मोजलेले ठोके आणि यंत्रावरची नाडी जुळली, म्हणजे आकडा खरा होता. बाळाचे ओठ फिकट दिसायला लागले. रेखाताईंनी कपडा बाजूला केला. नाकातली नळी निसटून गालावर आली होती. त्यांनी ती परत बसवली, मान सरळ केली, दोन बोटांनी पाठ चोळली. चावीला हात लावला नाही. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. आजींचे ओठ प्रत्येक आकड्याबरोबर हलत होते. ब्याण्णवला येऊन आकडा स्थिरावला. कमलनं डोळे पुसले आणि बाळाला पुन्हा छातीशी गुंडाळलं.

शहापूरला डोळ्यांच्या डॉक्टर, शांत स्वभावाच्या बाई. बाळाच्या डोळ्यात थेंब घातले, बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघितली. तपासणी बघवत नाही. पापण्या उघड्या ठेवायला बारीक चिमटा लावतात आणि बाळ आकांत करतं. कमल आत आली नाही. आजी आल्या आणि नातीचं डोकं दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. रेखाताईंची नजर आकड्यावर. माझी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर, आणि त्यांनी तोंडाला मास्क लावलेला.

एक डोळा झाला. दुसरा झाला. डॉक्टरांनी चिमटा काढून ठेवला आणि बाहेर येऊन कमललाच सांगितलं, “नसा अजून कडेपर्यंत पोचलेल्या नाहीत. पण ज्या वाढतायत त्या सरळ वाढतायत. आज काही करायची गरज नाही. दोन आठवड्यांनी परत आणायचं. ती तारीख चुकवायची नाही, आजचं बरं निघालं म्हणून घरी राहायचं नाही.”

“नाय चुकवनार,” कमल म्हणाली.

रेखाताई बाहेरच्या नळावर तोंड धुवायला गेल्या. बराच वेळ धूत होत्या.

मुरबाड, शनिवार

माझा शेवटचा दिवस. डॉक्टरांनी ऑक्सिजन बंद करून बघायला सांगितलं होतं. रेखाताईंनी धार बंद केली, नाकातली नळी काढली. नळीच्या पट्टीचा गालावर उमटलेला व्रण सोडला तर चेहरा पहिल्यांदा मोकळा दिसला. आकडा त्र्याण्णव, मग पंच्याण्णव, मग सत्त्याण्णव.

“लय झाला गो,” आजी काचेतून म्हणाल्या.

रेखाताई हसल्या. “आता नाय आजी. आता आपण काय देतच नाय. आता तिचा तिचा हाय, शंभर आला तरी चालतो.”

आजींना हा नवा कायदा पटायला दोन कप चहा लागले.

निघताना मला भेटी मिळाल्या. आजींनी कागदात बांधलेले वाल दिले, रेखाताईंनी तांदळाचं पीठ. “उकड काढताना पान्यात मीठ टाका, न् जोर लावू नका,” त्या म्हणाल्या. मिरजेत आता माझी भाकरी फाटत नाही. गोल मात्र होत नाही अजून.

दोन आठवड्यांनी रेखाताईंचा फोन आला: तपासणी झाली, नसा पुढं सरकल्यात, सरळ आहेत. त्यानंतर महिन्याभरानं, परवा, पुन्हा आला. शेवटची तपासणी झाली होती. नसा कडेपर्यंत पोचल्या, आता ह्या कारणासाठी यायची गरज नाही. मग त्यांनी फोन कमलकडं दिला. कमल फोनवर पहिल्यांदाच माझ्याशी इतकं बोलली. दूध पिते, रडते, वजन अडीच किलोच्या वर गेलंय. आजी तिला कुणाच्या हातात देत नाहीत.

“न् ताई,” ती म्हणाली, “माझ्या कपालाकडंच बघत ऱ्हाते. मी मान हलवली का टिकलीच्या मागं डोले फिरवते.” मग लगेच म्हणाली, “मी आता मोठी टिकली लावते.”